निरोप देणाऱ्यांसाठी

(नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या स्नेहमेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन. - संपादक)



संयोजकांनी मला 'परिक्रमेची पूर्वतयारी' या विषयावर बोलायला सांगितले आहे. त्यांची क्षमा मागून मी विषयात थोडा बदल करणार आहे. निघणाऱ्यांनी काय करावे हे सांगणारे, माझ्याहून अधिक वेळा चाललेले अनुभवी लोक आज येथे आहेत. मला बोलायचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या मंडळींशी, म्हणजे निघणाऱ्यांच्या घरच्यांशी, नातलगांशी आणि मित्रांशी. कारण पुढचे पंधरा-वीस दिवस बोलण्याचे काम तुम्हीच करणार आहात. सल्ले तुम्ही देणार आहात.

ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी निघते आहे, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे समुद्राला मिळते. तिला सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, म्हणजे अंतर २६०० किलोमीटरच्या वर जाते. तिचे पात्र कुठेही ओलांडायचे नाही. समुद्रसंगमाच्या ठिकाणी मात्र दक्षिण तीरावरच्या विमलेश्वरहून नावेत बसून उत्तर तीरावरच्या मिठीतलाईला उतरायचे. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस हा परंपरेने सांगितलेला काळ. आजचे बहुतेक यात्रेकरू चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात. जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकांमुळे ही परिक्रमा मराठी मध्यमवर्गीय घरांतून बोलली जाऊ लागली, आणि आज नर्मदेच्या कोणत्याही आश्रमात गेलात तरी दहातली दोन-तीन माणसे मराठी बोलताना आढळतात. आपल्या समाजात ही एक चांगली ओढ निर्माण झाली आहे, असे मला वाटते.

मी २०२१ साली निघालो. तेव्हा वय त्रेपन्न. तीस वर्षे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत काढलेली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. चालणे म्हणजे घरापासून डोंबिवली स्थानकापर्यंत. असा माणूस एके दिवशी जेवताना सांगतो की मी नर्मदा परिक्रमेला जाणार. घरात जे झाले ते तुमच्याही घरात झाले असेल. आधी कोणी काही बोलले नाही. मग पत्नीने विचारले, "गाडीने ना?" गाडीनेही परिक्रमा होते, पंधरा-वीस दिवसांत होते आणि वृद्धांनी ती तशी करावी, यात कमीपणा काही नाही. पण मी म्हणालो, "पायी." त्या क्षणापासून सल्ल्यांना सुरुवात झाली.

मला तेव्हा एक गोष्ट कळली नव्हती. सल्ल्याला वजन असते, आणि मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. मेहुणीने सल्ला दिला की थंडी फार असते, आणि एक लोकरी शाल दिली. शेजाऱ्यांनी सांगितले की रानात दिवे नसतात, आणि विजेरी दिली, सुटे सेल दिले. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने चाकू दिला. दुसऱ्याने पावसाळी कोट दिला, डिसेंबरात पाऊस कुठला, असे मी म्हणालो, तर म्हणाला, "असू दे." वहिनींनी डिंकाचे लाडू दिले, ते दोन किलोंचे. शाखेतल्या एका मित्राने रबराचा तक्त्या आणि मच्छरदाणी दिली. प्रत्येकाच्या मनात माझ्यावर कोसळणारे एकेक संकट होते आणि त्या संकटावरचा उपाय माझ्या पाठपिशवीत येऊन बसत होता. निघण्याच्या आठ दिवस आधी मी ती पिशवी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो भरली. वाणी म्हणाला, "साहेब, संसार घेऊन चाललात की संसार सोडून?"

आमच्या नगरात एक निवृत्त शिक्षक राहतात. दोन वेळा पायी परिक्रमा केलेली. मी त्यांच्याकडे गेलो तो नमस्कार करायला. सल्ले ऐकून माझे कान किटले होते. त्यांनी मला बसायला सांगितले आणि माझ्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहिले. म्हणाले, "बूट नवे दिसतात." मी अभिमानाने सांगितले की कालच घेतले. "मग हे घरी ठेव. जुने घाल. नवेच हवे असतील तर एक माप मोठे घे, कारण पाय सुजतात. आणि दोन महिने घालून मग निघ." दोन महिने माझ्याजवळ नव्हते. मी जुने बूट घेतले. नंतर वाटेत नव्या बुटांनी टाचा सोललेली, तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आलेली धडधाकट तरुण मुले पाहिली, तेव्हा गुरुजींना मनोमन नमस्कार केला.

त्यांनी अजून तीन-चारच गोष्टी सांगितल्या. पिशवी सात किलोंच्या वर नको. फोड आला तर सुई-दोऱ्याने पाणी काढ, वरची कातडी सोलू नको. सूर्यास्तानंतर चालू नको; दिवस असताना आसन लाव. कोणाकडे काही मागू नको, पण दिलेले नाकारू नको. आणि शेवटी, "फोन घरी ठेव." पाच मिनिटांत सगळे आटोपले. भीती एकाही वाक्यात नव्हती. पुढे काठावरही हेच पाहिले. चाललेला माणूस पायाबद्दल, मिठाबद्दल, सकाळच्या वेळेबद्दल बोलतो. न चाललेला माणूस वाघाबद्दल, चोराबद्दल आणि मरणाबद्दल बोलतो. मागच्या रांगांतल्या मंडळींनी हे आपापल्या घरी ताडून पाहावे.

माझ्या पिशवीतले निम्मे सामान मी घरीच काढले, पण मेहुणीची शाल आणि वहिनींचे लाडू काढायचा धीर झाला नाही. लाडू ओंकारेश्वरच्या दक्षिण तीरावर संकल्प झाल्यावर पहिल्याच मुक्कामी वाटून टाकले. शाल बकावां गावात एका आजींना दिली. या गावात घरोघर नर्मदेच्या दगडांची शिवलिंगे घडवतात. आजी दिवसभर दगडाच्या भुकटीत बसलेल्या असत आणि खोकत असत. मेहुणीला मी हे दोन वर्षांनी सांगितले. ती म्हणाली, "बरं केलंत."

सगळे सल्ले वाया गेले, असे मात्र समजू नका. इतिहासाची आवड असलेल्या एका मित्राने मला काहीच दिले नव्हते, फक्त म्हणाला होता, "रावेरखेडीला घाईने पुढे जाऊ नकोस." ओंकारेश्वरहून निघाल्यावर दक्षिण तीरावरच हे गाव लागते. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी येथे गेले. त्यांची समाधी येथे आहे. उभे आयुष्य घोड्यावर काढलेला हा पुरुष, वय अवघे एकोणचाळीस, घरापासून इतक्या दूर, नर्मदेच्या काठी. संध्याकाळी मी तिथे एकटा बसलो होतो. पुण्याहून त्यांना निरोप देताना कोणी काय सांगितले असेल, असा एक वेडा विचार मनात आला. पत्रकाराचे डोके असे चालते. आपल्या शालेय पुस्तकांत बाजीरावांच्या लढायांना जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळालेली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. पण तो आजचा विषय नव्हे.

सगळ्यांत अधिक सल्ले मिळाले ते शूलपाणीच्या झाडीबद्दल. बडवानीजवळच्या राजघाटानंतर सातपुड्यातली जी वाट सुरू होते, ती ही झाडी. "तिथे लुटतात. अंगावरचे कपडेसुद्धा ठेवत नाहीत," हे मला किमान पंधरा जणांनी सांगितले. त्यातल्या एकानेही ती वाट पाहिली नव्हती. एकाने तर आग्रह धरला की खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा असा सडकेने जा, आपल्या महाराष्ट्रातूनच रस्ता आहे, राजपिपल्याला निघशील. तो रस्ता आहे, अनेक यात्रेकरू तसे जातातही. लुटले जाण्याच्या गोष्टीही खोट्या नव्हेत. पूर्वीच्या यात्रेकरूंनी त्या लिहून ठेवल्या आहेत. लुटणाऱ्या भिल्लांना ते 'मामा' म्हणत आणि ही मैयाचीच परीक्षा आहे असे मानून लंगोटीवर पुढे जात. पण गोष्ट जुनी झाली तरी सल्ला नवाच राहतो.

मी झाडीतून गेलो. पहिल्या दिवशी, खरे सांगतो, प्रत्येक वळणावर माझा हात खिशाकडे जात होता. दुपारी वाट चुकलो. एका झोपडीसमोर दहा-बारा वर्षांचा मुलगा शेळ्या राखत होता. त्याने मला पाहिले आणि ओरडला, "नर्मदे हर!" झोपडीतून त्याची आई आली. तिने मक्याची भाकर आणि मिरचीची चटणी पुढे ठेवली. घरात तीन माणसे आणि एक भांडे पीठ, मला स्पष्ट दिसत होते. गुरुजींचा सल्ला आठवला, दिलेले नाकारू नको. भाकर खाल्ली, पण घास गिळताना जड गेला. नंतर तो मुलगा दोन टेकड्या माझ्याबरोबर चालत आला, वाट दाखवली आणि काही न घेता पळून गेला. हेच ते 'मामा'. ज्यांच्या भीतीने आपण शहरात बसून एकमेकांना सावध करतो, त्या आपल्या वनवासी बांधवांनी त्या दहा दिवसांत मला एकदाही उपाशी झोपू दिले नाही. आणि त्यांच्यातल्या कित्येकांची जुनी घरे, शेते सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेली आहेत. धरण २०१७ साली पूर्ण उंचीला, १३८.६८ मीटरला, पोचले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्याखाली गेले. आता नवे मंदिर गोऱ्याला आहे. धरणाच्या वादात मी येथे शिरत नाही. गुजरातच्या कोरड्या भागाला पाणी हवे होते, हे मला मान्य आहे. पण ज्याचे गाव गेले त्याने वाटसरूला भाकर द्यावी, आणि ज्याला नळाने पाणी मिळाले त्याने 'ते लोक लुटतात' असे सांगत राहावे, हे काही मला रुचत नाही.

बायकांना मिळणारे सल्ले हा वेगळा विषय आहे. त्यांना सगळे हेच सांगतात की जाऊ नका. भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली आणि पुढे त्याच काठावर, लेपा येथे, 'नर्मदालया'चे शिक्षणकार्य उभे केले. त्यांनाही असे सल्ले मिळाले असणारच. ते त्यांनी ऐकले असते, तर त्या गावांतल्या किती मुलांचे अक्षर राहून गेले असते! पहिल्या रांगेत आज पाच भगिनी बसलेल्या दिसत आहेत. त्यांच्या यजमानांनी हे ध्यानात घ्यावे.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय बदलून घेतला, त्या गोष्टीकडे येतो.

माझी आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. तिने मला फक्त दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपुढे माझं नाव सांग." वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज १९१४ साली गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. आमच्या आजोळी त्यांची परंपरा आहे, आणि आईला तिथे जायचे आयुष्यभर राहून गेले. दुसरी गोष्ट तिने आदल्या रात्री सांगितली. मी पिशवी बांधत होतो. म्हणाली, "मला काही झालं तरी मागे फिरायचं नाही. मैयेचं व्रत अर्धवट सोडायचं नाही. कळलं?" मी मान हलवली. मला तेव्हा फार भरून आले होते. अशी आई मिळाली, असे वाटले. पहाटे निघताना दारात पत्नी हलक्या आवाजात म्हणाली, "आईंचं ऐकू नका. मी निरोप पाठवला तर निघून या." मी तिलाही मान हलवली.

बंधू-भगिनींनो, दोन्हीकडे मान हलवून मी निघालो. परिक्रमेची सगळी तयारी केली, बुटांचे माप पाहिले, पिशवीचे वजन केले. आणि हे एवढे बोलायचे तसेच ठेवले.

फोनबद्दलही असेच झाले. गुरुजी म्हणाले ठेवून जा, आई म्हणाली नेऊच नको, पत्नी म्हणाली रोज रात्री बोला. मी मधला मार्ग काढला, दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसातला फोन सुरू करायचा, पाच मिनिटे बोलायचे, बंद करायचा. मला तो मोठा शहाणपणाचा तोडगा वाटला होता.

पाच आठवडे सुरळीत गेले. शूलपाणीची झाडी ओलांडून गोऱ्याला आलो. तिथून पुढे चालताना पैलतीरावर गरुडेश्वर आहे. मध्ये पूल आहे. पाच-दहा मिनिटांत माणूस पलीकडे जाईल. पण परिक्रमावासीने तो ओलांडायचा नाही. समुद्रापर्यंत चालत जायचे, नावेने पलीकडे उतरायचे आणि त्या काठाने परत वर चालत यायचे, मग गरुडेश्वर. मी अलीकडून हात जोडले आणि मनात म्हणालो, आई, तीन आठवडे थांब.

अंकलेश्वरच्या अलीकडे एका आश्रमात आसन लावले होते. गुरुवार होता. साडेसातला फोन सुरू केला. पत्नी बोलली. सगळे ठीक आहे म्हणाली. आवाज नेहमीचाच, पण पाठीमागे कोणाच्या तरी नावाचा पुकारा ऐकू आला. मी म्हणालो, "आईला दे." ती म्हणाली, "आई झोपल्यात." आमच्या घरात दिवेलागणीला रामरक्षा होते, आणि मग आठ वाजेपर्यंत आई जपमाळ घेऊन देवापुढे बसते. मला आठवते तेव्हापासून साडेसात वाजता ती झोपलेली मी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "मुलीला दे." मुलीला खोटे बोलता आले नाही. "बाबा, आजी सोमवारी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं. तिनं तुम्हाला कळवायचं नाही म्हणून आईला शपथ घातली आहे."

सोमवार ते गुरुवार. चार दिवस मी मैयेच्या काठी सकाळचे कोवळे ऊन पाहत, भजने म्हणत चाललो होतो.

त्या रात्री आश्रमात आम्ही सहा मूर्ती होतो. परिक्रमेत माणसे मूर्तीच्या हिशेबाने मोजतात. एक साधू म्हणाले, गेलास तर परिक्रमा खंडित होईल, पुन्हा आरंभापासून करावी लागेल. निमाडचा एक शेतकरी पत्नीसह चालत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मैया को बोलकर जाओ। माँ है, समझेगी।" आश्रमाच्या सेवेकऱ्याने माझ्याकडून दंड घेतला आणि दाराच्या मागे उभा करून ठेवला. सकाळी काठावर जाऊन बाटलीतले जल मैयेत सोडले. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मग अंकलेश्वरला गाडी पकडली, वसईमार्गे डोंबिवलीला पोचलो.

आई खाटेवर होती. मला पाहून म्हणाली, "आलास कशाला?" आणि भिंतीकडे तोंड वळवले. थोड्या वेळाने तशीच, पाठमोरी, म्हणाली, "गरुडेश्वर राहिलं ना माझं." दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मी पत्नीवर संतापलो, तू मला खोटे का सांगितलेस. तिने आयुष्यात प्रथमच मला उलट उत्तर दिले. म्हणाली, "आईंनी शपथ घातली, तुम्ही दोघींना मान हलवून गेलात, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. मी काय करायला हवं होतं ते आता सांगा." मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आपण कार्यकर्ते आहोत. आयुष्यभर बैठका घेत आलो आहोत. दहा माणसांची सहल न्यायची असली तरी तीन बैठका होतात. मी चार महिन्यांसाठी घर सोडताना आई, पत्नी आणि मी अशा तिघांची अर्ध्या तासाची बैठक घेतली नाही. आईने मला धीर यावा म्हणून तसे सांगितले, पत्नीने माझ्या पाठीमागे घर सांभाळायचे म्हणून तसे सांगितले. दोघीही आपापल्या ठिकाणी योग्य होत्या आणि दोघींनी एकमेकींपासून लपवून सांगितले. म्हणून मागच्या रांगांना माझे मागणे आहे. आज घरी गेल्यावर, पिशवी बांधण्याच्या आधी, सगळे समोरासमोर बसा. आजारपण आले तर कळवायचे का, कोणी कळवायचे, कळवल्यावर येणार की नाही, घरात सही कोण करणार, पैसे कुठे आहेत, हे मोठ्याने बोला. वडीलधाऱ्यांसमोर बोला. अशुभ बोलू नये, असे कोणीतरी म्हणेल. त्याला म्हणू द्या. उत्तर काय निघावे, हे मी सांगणार नाही. एखाद्या घरात 'येऊ नको' हेच खरे उत्तर असेल. पण ते सगळ्यांनी ऐकलेले असावे.

परिक्रमा खंडित होण्याविषयी मी नंतर बऱ्याच जाणकारांना विचारले. मते भिन्न आहेत. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चालायला सुरुवात केली आणि ते तुकड्या-तुकड्यांनी वर्षानुवर्षे चालत राहिले. त्यांना कोणी कमी परिक्रमावासी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. शास्त्रार्थ करणाऱ्यांनी तो अवश्य करावा. मी दुसऱ्या वर्षी, २०२२च्या कार्तिकीनंतर, सोडले होते तिथूनच पुढे निघालो आणि मार्च २०२३ मध्ये ओंकारेश्वरला पोचलो.

दुसऱ्यांदा निघताना सल्ले फारसे कोणी दिले नाहीत. पिशवी वाण्याच्या काट्यावर सहा किलो भरली. आई तोवर काठीच्या आधाराने घरात फिरू लागली होती. तिघांची बैठक झाली. बैठकीत आई म्हणाली, "फोन रोज चालू ठेव." मी चकित होऊन पाहिले. "मागच्या वेळी म्हणाले होते नको म्हणून. पण गुरुवार-रविवारची वाट पाहत बसायचे मी. बाथरूममध्ये पडले त्या दिवशी सोमवारच होता." पत्नीने तिच्याकडे पाहिले. हे तिलाही नवीन होते.

अंकलेश्वरच्या अलीकडच्या त्या आश्रमात गेलो, तर दंड दाराच्या मागे तसाच उभा होता. वर्षभरात कोणी हलवला नव्हता. की हलवून पुन्हा ठेवला होता, कोण जाणे. विमलेश्वरला भरतीची वाट पाहिली, नावेतून मिठीतलाईला उतरलो आणि उत्तर तीराने वर चालू लागलो. गरुडेश्वरला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. समाधीपुढे नाव सांगितले, गोत्र सांगितले, आणि बाहेर येऊन साडेसातला फोन लावला. आईनेच उचलला.

"पोचलास?"

"पोचलो. तुझं नाव सांगितलं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गर्दी आहे का तिथे?"

"नाही. चार-पाच माणसं आहेत."

"मग लगेच उठू नकोस. माझ्यासाठी जरा वेळ बस."

मी आत जाऊन बसलो. नर्मदे हर!